भैयाजी गुरनुले यांचे राहते घर

अर्जदार श्री. भैयाजी मुखरू गुरनुले, वय वर्षे त्रेचाळीस, धंदा जिप्सीचालक (जंगल सफारी), राहणार मोहर्लीच्या अलीकडचे एक गाव (जंगलाकडून आल्यास पलीकडचे). उंची पाच फूट पाच इंच, रंग सावळा. ओळखीची खूण: उजव्या कानावर एक पेन्सिल, जी घर बांधायला काढल्यापासून तिथे आहे. शिक्षण बारावी, विज्ञान शाखा. निकालाबाबत अर्जात रकाना नाही. अवलंबून असलेल्या व्यक्ती: आई एक, पत्नी एक. सदर इसमाने स्वतःच्या मालकीच्या जागेवर, स्वतःच्या देखरेखीखाली पक्के घर बांधले असून तो त्यात सहकुटुंब राहतो.

शेवटच्या वाक्याचा उत्तरार्ध सोडला तर वरचा सगळा मजकूर खरा आहे.

घर बांधायचं कारण रुखमाबाईंचे गुडघे. रुखमाबाई म्हणजे भैयाजीची आई. वय बहात्तर, त्यातली साठ वर्षं धानाच्या बांधीत वाकून गेलेली. चंद्रपूरच्या डॉक्टरने फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाला, आजीला आता उकिडवं बसू द्यायचं नाही, खुर्चीसारखी सीट करा. भैयाजीने मान डोलावली आणि घरी आल्यावर प्लास्टिकची खुर्ची घेऊन तिच्या बुडाला करवतीने भोक पाडलं. ही खुर्ची परसातल्या जुन्या संडासात भांड्यावर ठेवायची. अडचण अशी की ओल्या फरशीवर खुर्चीचे चार पाय चार दिशांना जायचे. रुखमाबाई एकदा पडल्या, दुसऱ्यांदा पडता पडता दाराला धरून राहिल्या, आणि त्यानंतर त्यांनी संध्याकाळचं जेवणच कमी करून टाकलं.

"माय, तू घास मोजून काऊन खाऊन राह्यली?" भैयाजीने विचारलं.

"जेवढं आत जाते तेवढं बाहेर काढा लागते बापू," रुखमाबाई म्हणाल्या. "तुही खुर्ची पाहून भूकच मरते."

त्या दिवशी भैयाजीने शब्द दिला. दिवाळीच्या आत नवं घर, नव्या घरात पांढरी सीट, आणि सीटवर पहिला मान मायचा. बायको ज्योत्स्ना साक्षीला होती. जुनं कौलारू मातीचं घर उभंच ठेवायचं, समोरच्या मोकळ्या जागेत नवं बांधायचं, आणि राहायला गेलं की जुनं पाडायचं, असं ठरलं.

गवंडी म्हणून पोचू आला. हा सिरोंच्याकडचा, तेलुगू घरातला, वीस वर्षांपासून या भागात बांधकाम करतो आणि नळाचं कामही स्वतःच करतो. बोलतो कमी. कागदावर त्याचा विश्वास नाही. त्याने चुन्याची फक्की घेतली आणि जागेवर घर आखलं: पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या पाठीला पाठ लावून न्हाणी आणि संडास.

"पाण्याची सगळी कामं एका भिंतीला, अन्ना," पोचू म्हणाला. "एक पाईप वर, एक पाईप खाली. मागे दहा फुटांवर मैल्याची टाकी. कुठे बिघडलं तर एका जागी खोदायचं."

या विषयावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. पोचूने ती वाचलेली नाहीत, आणि ज्यांनी वाचली आहेत त्यांच्या घरच्या भिंतींना ओल आहे. त्याची आखणी हुशारीची होती. तिच्यात एकच त्रुटी होती. ती पाहायला रुखमाबाई काठी टेकत आल्या.

"चूल कुठी?"

"इथे, अम्मा."

"अन् देव?"

"चुलीच्या वर, ह्या भिंतीत कोनाडा."

"अन् भिंतीच्या तिकून काय?"

पोचू चुन्याचे हात झटकू लागला. भैयाजीने घसा साफ केला. "तिकडून तुही सीट, माय."

रुखमाबाईंनी चुन्याची ती रेघ काठीने दोनदा ठोकली. "म्हणजे देव इकून टेकून बसन अन् मी तिकून? माह्या देवाच्या पाठीले पाठ लावून मी बसू?"

"मधात नऊ इंच वीट हाये माय."

"देवाले वीट दिसत नाई का?"

बारावी विज्ञानने माघार घेतली. चूल पूर्वेला गेली, संडास पश्चिमेला राहिला, आणि घराचा पाण्याशी असलेला संबंध दोन टोकांना विभागला गेला. इथपर्यंत झालेलं नुकसान फक्त पाईपाचं होतं.

मग प्रफुल्ल आला. प्रफुल्ल ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ. जंगलालगतच्या एका रिसॉर्टमध्ये तो पाहुण्यांचं स्वागत करतो, म्हणजे त्यांच्या गळ्यात हार घालतो आणि वायफाय का चालत नाही ते समजावतो. दारातून आत शिरण्याआधी (दार अजून नव्हतं, पण त्याची जागा होती) त्याने मोबाइल काढून दिशा पाहिली.

"भाऊजी, सेप्टिक टँक चुकीच्या कोपऱ्यात येऊन राह्यली."

"कोण म्हणते?"

"अॅप म्हणते."

अॅपने दाखवलेला शुभ कोपरा घराच्या थेट विरुद्ध टोकाला, चाळीस फुटांवर होता. भैयाजी अकरा वर्षं वाघाच्या पंजाचा ठसा पाहून मादी की नर ते सांगतो, तेही चालत्या गाडीतून. पण मोबाइलमध्ये लाल बाण दिसला की त्याचं स्वतःचं मत उरत नाही. त्याने पोचूला विचारलं, चाळीस फूट पाईप जाईल ना?

"जाईल," पोचू म्हणाला. "पाईप कुठेही जाते. मैला जाते का ते पाहायचं." त्याने पातळी मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक भैयाजीच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन स्वतः चाळीस फुटांवर जाऊन उभा राहिला. तिथून ओरडून सांगितलं, "फुटाला पाव इंच उतार! चाळीस फुटाला दहा इंच! जमीन उलटी चढते, म्हणून अजून आठ! जोतं दीड फूट उचलावं लागेल, अन्ना!"

"मंग उचल ना!"

"पायऱ्या वाढतील!"

"वाढू दे!"

हे संभाषण सगळ्या गावाने ऐकलं. फक्त जिच्या गुडघ्यांसाठी घर चाललं होतं ती त्या वेळी झोपली होती. जोतं बांधून झालं तेव्हा दोनाच्या पाच पायऱ्या झाल्या होत्या. रुखमाबाईंनी त्या खालूनच मोजल्या.

"गुडघ्यापायी घर बांधलं अन् घरापायी पायऱ्या," एवढंच म्हणाल्या आणि जुन्या घराकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी पोचूने कोणालाही न विचारता पायऱ्यांच्या बाजूने एक लांब, खरखरीत उतार काढला. प्रफुल्लने पाहिला आणि भाऊजीच्या पाठीवर थाप मारली. "वा! चाकाच्या बॅगांसाठी! हे तर आमच्या रिसॉर्टलेबी नाई सुचलं."

बॅगांचा विषय असा निघाला, आणि तो निघाल्यावर घर कोणासाठी आहे याबद्दलची माहिती हळूहळू बदलत गेली. भैयाजीकडे अकरा वर्षांचं एक निरीक्षण पडून होतं. माणूस मुंबईहून वाघ पाहायला येतो, जिप्सीत बसतो, आणि त्याचा पहिला प्रश्न वाघाबद्दल नसतो. तो विचारतो, वॉशरूम कुठे आहे? या निरीक्षणाचा आजवर काही उपयोग झाला नव्हता. प्रफुल्लने उपयोग सांगितला.

"होमस्टे करा भाऊजी. एक खोली अटॅच काढा. टुरिस्ट लोक घरातलं जेवतात, अंगणात फोटो काढतात. सरकार नोंदणी करून देते. एकच अट, मालक त्याच घरात कुटुंबासह राह्यला पायजे."

"राह्यतोच हावो ना आम्ही."

"मंग झालं."

"अन् मायची सीट?"

"तीच सीट ना! माय वापरन, पाहुणा आला तर पाहुणा वापरन."

एक अटॅच खोली काढल्यावर दुसरी विनाअटॅच वाईट दिसू लागली. विटा होत्या, पोचू होता, आणि पूर्वेकडे जागाही होती, फक्त तिथे स्वयंपाकघर होतं. दुसरा संडास त्याला खेटून आला. रुखमाबाईंनी यावेळी काठी ठोकली नाही. त्यांनी पश्चिमेचा संडास पाहिला, पूर्वेचा पाहिला, मधली चुलीची जागा पाहिली आणि म्हणाल्या, "हे बरं केलं. आता देवाले कोण्याबी कुशीवर झोपता येत नाई."

चूल जुन्या घरातच राहू द्यावी असं ठरलं. तात्पुरतं.

या शब्दाने आमच्या जिल्ह्यात शाळा, पूल आणि एक बसस्थानक उभं केलेलं आहे, त्यामुळे पुढचं सांगायला नको. तरी क्रमाने सांगतो. चूल जुन्या घरात राहिली म्हणून देव तिथेच राहिले. देव राहिले म्हणून रुखमाबाई राहिल्या. ज्योत्स्ना चुलीपाशी असायची, म्हणजे तीही तिथेच. भैयाजी जेवायला जुन्या घरी यायचा, जेवल्यावर डोळा लागायचा, आणि झोपलेल्या माणसाला उठवून नव्या घरात नेऊन झोपवण्याची पद्धत आमच्याकडे नाही. नव्या घरात कोणीच राहिलं नाही. नीट पाहिलं तर ते घर नव्हतंच; दोन संडास होते आणि त्यांना अटॅच केलेल्या दोन खोल्या होत्या.

पाण्याची टाकी छतावर बसवली. आठवडाभरात मोहाच्या झाडावरून वानरं आली, त्यांनी झाकण काढून आत तोंडं पाहिली आणि जाताना पाईप उपसून नेला. पोचूने टाकीभोवती लोखंडी सळ्यांचा पिंजरा केला. रस्त्याने जाणारे पर्यटक तो पाहून गाडी हळू करतात आणि आत काय आहे असं विचारतात. भैयाजी खरं सांगतो. कोणी विश्वास ठेवत नाही.

पाणी मात्र वानरांच्या पलीकडचा प्रश्न निघालं. आमच्या जमिनीत लोखंड आहे. सूरजागडला ते डोंगरभर आहे, इतरत्र ते पाण्यात येतं. पूर्वेच्या खोलीतली सीट चाचणीसाठी चार दिवस वापरली तर ती हळदीच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यासारखी दिसू लागली. प्रफुल्ल हादरला.

"भाऊजी, टुरिस्ट पिवळी सीट पाहून उलट्या पावली जाते. त्याले लोखंड समजत नाई, त्याले घाण समजते. दुसरी सीट अजिबात वापरू नका. प्लास्टिक काढू नका. नोंदणीच्या फोटोत एक तरी पांढरी पायजे."

पूर्वेची घासायला काढली, पश्चिमेची प्लास्टिकमध्ये गुंडाळून दाराला कुलूप लागलं. किल्ली ज्योत्स्नाच्या कमरेला. रुखमाबाईंनी हे जुन्या घराच्या ओसरीवरून पाहिलं आणि लेकाला हाक मारली.

"बापू, तिथी आता चूल नाई."

"नाई माय."

"देव नाई."

"नाई."

"मंग आता मले कोणाची आडकाठी हाये?"

भैयाजी कानावरची पेन्सिल काढून पाहू लागला. "नोंदणी होऊ दे माय. थोडे दिवस."

"नोंदणी कोणाची? माही का सीटची?"

"घराची."

"अन् घर कोणाचं?"

भैयाजी म्हणाला, गाडी धुवायची आहे. तो गाडी धुवायला गेला. ती सकाळीच धुतलेली होती.

श्रावणात रुखमाबाई तिसऱ्यांदा पडल्या. खुर्चीचा एक पाय तुटला आणि त्या भिंतीवर कोपराने आपटल्या. हाड वाचलं, कोपर काळंनिळं झालं. भैयाजी सफारीवर होता (पावसाळ्यात जंगलाचा आतला भाग बंद असतो, बाहेरचा चालू). पोचू अंगणात खिडकीला रंग देत होता; त्याने आणि ज्योत्स्नाने मिळून त्यांना उचललं. ओसरीवर बसवल्यावर पोचूने ब्रश बाजूला ठेवला, रुखमाबाईंची काठी घेतली, त्या ती कुठे धरतात ते पाहून तिथे बोटाने खूण केली, आणि ती काठी घेऊन नव्या घरात गेला. किल्ली ज्योत्स्नाने न मागता दिली. दुपारपर्यंत पश्चिमेच्या संडासात सीटच्या उजव्या हाताला, त्या खुणेच्या उंचीवर, स्टीलचा दांडा बसला होता, भिंतीच्या आरपार बोल्ट टाकून. दाराची बिजागरंही त्याने काढून उलटी बसवली.

"दार बाहेर उघडलं पायजे, ताई," तो ज्योत्स्नाला म्हणाला. "आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार उघडत नाई. माणूसच दाराला अडतो."

संध्याकाळी भैयाजीने दांडा पाहिला. त्याला तो टॉवेलसाठी वाटला, आणि बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी भैयाजीची जिप्सी वळणाआड गेल्यावर ज्योत्स्नाने सासूला हाताला धरून पोचूच्या उतारावरून वर नेलं, कुलूप काढलं, आणि सीटवरचं प्लास्टिक विळ्याने एका दमात कापलं.

"भैया ओरडन ना," रुखमाबाई म्हणाल्या.

"ओरडू द्या. तुम्ही बसा, आई."

रुखमाबाई बसल्या. बाहेर ज्योत्स्ना उभी होती. बराच वेळ आवाज नाही, म्हणून तिने विचारलं, "जमलं का?"

"जमलं केव्हाचंच," आतून उत्तर आलं. "पण बरं वाटून राह्यलं. बसू दे थोडी."

त्यानंतर रोज भैयाजी पहाटे जंगलाच्या गेटवर गेला की कुलूप उघडायचं आणि तो परत येण्याआधी लागायचं. रुखमाबाईंनी पुन्हा पोटभर भात खायला सुरुवात केली. भैयाजीच्या ते लक्षात आलं, पण त्याने त्याचं श्रेय नव्या तांदळाला दिलं.

तपासणीला साहेब आले ते दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी. मंगळवारी सफारी बंद असते, म्हणून भैयाजी घरी होता; घरी म्हणजे सकाळपासून रस्त्याच्या तोंडाशी, साहेबांची वाट पाहत. घरात कोणी राहतं असं दिसावं म्हणून त्याने तारेवर तीन लुगडी आणि एक पँट वाळत घातली होती, भिंतीला कॅलेंडर लावलं होतं, आणि एका दिवसासाठी देव मागितले होते. रुखमाबाईंनी दिले नाहीत. देव साक्षीला येत नाहीत, म्हणाल्या. लेक रस्त्याकडे गेल्याचं पाहून त्या आणि ज्योत्स्ना नेहमीच्या वेळी नेहमीच्या कामाला नव्या घरी गेल्या. साहेब दहाला येणार होते. ते नऊला आले.

साहेबांच्या हातात फॉर्म, फीत आणि मोबाइल. सोबत प्रफुल्ल, कारण अशा वेळी तो असतोच. साहेबांनी पूर्वेची खोली मोजली, कॅलेंडर पाहिलं, ते चार महिन्यांपूर्वीच्या पानावर होतं. मग पश्चिमेच्या खोलीत उभं राहून त्यांनी फॉर्म उघडला.

"स्वयंपाकघर?"

"बाहेर हाये साहेब. तिकडल्या घरात."

"देवघर?"

"तेबी तिकडंच."

"तुम्ही झोपता कुठे?"

भैयाजीने छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता. त्याच्या पात्यांवरचा कंपनीचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. साहेबांनीही वर पाहिलं, आणि पेनाचं टोपण लावलं.

"भैयाजी, अट वाचली ना तुम्ही? मालक कुटुंबासह त्याच घरात राहिला पाहिजे. इथे तर मला कोणी राहताना दिसत नाही. काय लिहू मी? या घरात राहतं कोण?"

प्रफुल्लने तोंड उघडलं, पण उत्तर संडासाच्या बंद दारामागून आलं.

"मी हावो ना! कोण विचारून राह्यलं?"

भैयाजी पांढरा पडला. ज्योत्स्ना मघापासून दाराला पाठ लावून उभी होती (भैयाजीला वाटलं होतं, साफसफाईला आली); ती जागची हलली नाही. साहेब दचकून एक पाऊल मागे सरले.

"साहेब आलेत माय, सरकारी," भैयाजी कसाबसा म्हणाला.

"मंग बसव ना त्याले. उभा काऊन ठेवला? मीबी बसलीच हावो."

प्रफुल्ल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला; त्याचे खांदे हलत होते. साहेबांनी सरकारी नोकरीत बरंच पाहिलं असावं, कारण ते खरोखरच पलंगावर बसले. पाच मिनिटांनी आत पाणी पडल्याचा आवाज आला, दार बाहेरच्या बाजूला उघडलं, आणि रुखमाबाई दांडा सोडून काठी धरत बाहेर आल्या. साहेबांनी उठून आत डोकावलं. सीट पाहिली. तिची हळद केव्हाच लागून झाली होती. कोपऱ्यात खोचलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या पाहिल्या, दांडा पाहिला, तो हाताने हलवून पाहिला.

"आजी, रोज इथेच का?"

"मंग कुठी जाऊ? लेकानं माह्यासाठीच बांधलं ना घर."

 भैयाजीने पेन्सिल कानावरून काढली आणि खिशात ठेवली. साहेब बराच वेळ लिहीत होते. निघताना त्यांनी जुन्या घराकडे पाहिलं, धूर कौलांतून निघत होता, पण त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

साहेबांची गाडी गेल्यावर प्रफुल्ल म्हणाला, "भाऊजी, सीट तर गेली."

"जाऊ दे," भैयाजी म्हणाला, आणि ज्योत्स्नाकडे वळला. "कुलूप कुठी हाये?"

"विहिरीत," ज्योत्स्ना म्हणाली. ते खरं नव्हतं, पण त्याने पुन्हा विचारलं नाही.

नोंदणी महिन्याभरात आली. प्रमाणपत्र काचेत घालून पश्चिमेच्या खोलीत लावलं आहे, सोबत तपासणी अहवालाची प्रत. अहवालात नमूद केलं आहे की, सदर वास्तू ही अर्जदाराचे राहते घर असून मालकाच्या कुटुंबातील ज्येष्ठ सदस्य तेथे कायमस्वरूपी वास्तव्यास असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले.

रुखमाबाई त्या घरात सकाळी वीस मिनिटं असतात आणि संध्याकाळी पंधरा.